खारोड्या घालून परत पाठवलेला डबा

तालुका मलकापूर,
बुधवार, दुपारची भांडी आवरल्यावर

आयु. महामाया विहीणबाई यांना चांगुणाबाईचा मनापासून जय भीम.

इकडं सगळे बरे आहोत. माहे गुडघे त्यांच्या मर्जीनं चालतात, मी माह्या मर्जीनं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं आपल्या लेकीनं (माही लेक, तुमची सून) सांगितलं, म्हणून अक्षर मोठं काढून राह्यली आहे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधातच आमच्या व्याह्यांचं पथ्य सांगत बसता अन् माहं राहून जाते. कागदावर तुमाले मधात बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुकलं तिथं सुधारून वाचा.

चांगुणाबाईनं कंपनीले फसवलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. कोणी सांगितलं ते मी विचारत नाही (मले माहीत आहे). खरं काय ते ऐका. नात समतानं मोबाइलवरून मले एक स्टीलचा डबा मागवून दिला. फोटोखाली लिहिलं होतं, हवाबंद. बाजारात डबा घेताना आपण टिचकी मारतो, झाकण फिरवतो, अन् मुख्य म्हणजे दुकानदाराचं तोंड पाहतो. मोबाइलात तोंड नाही. म्हणून डबा घरी आल्यावर मी त्यात पाणी भरलं, झाकण दाबलं अन् ओट्यावरून उलटा धरला. खाली तुमचे व्याही पेपर वाचत बसले होते. पेपर वाळला, व्याही अजून नाही. तर डबा परत करायचं ठरलं. न्यायले कंपनीचा माणूस दारात उभा, समता म्हणे आजी लवकर दे. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याचं भांडं आपल्या घरून रिकामं परत जाते का? मी त्यात यंदा उन्हात वाळवलेल्या बाजरीच्या खारोड्या घातल्या, चांगल्या दोन मुठी, तीळ-लसूण घातलेल्या. झाकणाचा भरवसा नव्हता म्हणून वरून फडकं बांधलं. कंपनीत बसणाऱ्यालेही पाच वाजता काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतच असेल.

आठ दिवसांनी कंपनीचा निरोप आला. वस्तू वापरलेली आढळली, आत खाद्यपदार्थ होते, तक्रार नामंजूर. डबा तसाच माघारी आला. (खारोड्या नाही आल्या.) पैसे गेले तर गेले, विहीणबाई, पण वापरलेला डबा परत केला हे माह्या नावापुढं लिहून ठेवलं त्यांनी. उद्या समताच्या लग्नाच्या वेळी कोणी मोबाइल उघडून दाखवलं तर? अडुसष्ट वर्षांत मी कोणाची वाटी खरकटी परत केली नाही.

मग समतानं मले कंपनीच्या मशीनशी बोलायले बसवलं. मशीन मोठी गोड बोलते. तुमची अडचण आम्हाला समजते, असं दर ओळीले म्हणते. मी लिहिलं, समजली असेल तर सांग बरं काय समजली. तर म्हणे खालीलपैकी कारण निवडा. माल फुटका, रंग वेगळा, आकार लहान, मन बदललं. भांडं रिकामं पाठवत नसतात, असं कारणच तिथं नाही. यालेच ते ग्राहकाची निवड म्हणतात. चार बटनं त्यांनीच मांडायची अन् त्यातलं एक मी दाबलं की म्हणायचं, बाईनं स्वतः निवडलं. मी एकही दाबलं नाही. मशीननं तीनदा विचारलं, मी तीनदा लिहिलं, माहं कारण यात नाही.

मग समतानं डब्याचा फोटो अन् सगळी हकीकत इंटरनेटवर टाकली. काय सांगू, तीन हजार लोक भांडून राह्यले. एक म्हणे ही कंपनी बंद करा. दुसरा म्हणे गावातल्या दुकानातूनच घ्या. तिसरा म्हणे गावातला दुकानदार तर डबा परतच घेत नाही. एक म्हणे असल्या म्हाताऱ्यांच्या हाती मोबाइल देऊ नये. दोघं परदेशी कंपनी की देशी यावर सकाळपर्यंत भांडले, डब्याचं त्यांनी नावही काढलं नाही. एका बाईनं खारोड्यांची रीत विचारली, तिले मी सगळ्यात आधी उत्तर दिलं. म्हाताऱ्यांवर बोलणाऱ्याले समताकडून लिहून घेतलं, बापू, तुह्या आईले विचार, शेजारणीचा डबा ती कसा परत करते. दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं बोलणं काढून टाकलं. खोटं काऊन सांगू, मले लई मजा येऊन राह्यली आहे.

परवा कंपनीतून एका मॅडमचा फोन आला. पैसे देतो, नवा डबाही देतो, तेवढी पोस्ट काढा. मी म्हटलं, आधी लिहा, चांगुणाबाईनं डबा वापरला नव्हता. मॅडम म्हणे, आमच्या सिस्टिममध्ये तसं लिहायची सोय नाही. मी म्हटलं, मग माह्याकडंही पोस्ट काढायची सोय नाही. अन् खारोड्या कोणी खाल्ल्या तेही कळवा म्हटलं. फोन कटला. आता त्यांनी डब्यांचा ट्रक जरी दारात उभा केला तरी मी ऐकत नाही.

आमच्या व्याह्यांना जय भीम, आपल्या नातवाले, ऋत्विकले गोड पापा.

तुमची विहीण,
चांगुणाबाई

ता. क. रविवारी बुलडाण्याहून एक पेपरवाली बाई माही मुलाखत घ्यायले येणार आहे. मांडणीवरची सगळी भांडी दाखवून मी सांगणार आहे की आपल्या माणसांत डबा कसा भरून जातो अन् भरून येतो. ऋत्विकच्या पहिल्या वाढदिवसाले अनारसे घालून पाठवलेला माहा कडीचा डबा तेवढा मांडणीवर नाही. ऋत्विक आता तिसरीत आहे. शनिवारच्या एसटीत कंडक्टरजवळ देऊन ठेवा. रिकामा पाठवला तरी चालेल, मी कोणाले सांगणार नाही.

आणखी ता. क. तुमची लोखंडी कढई माह्याकडं आहे हे मी विसरली नाही. तिच्यात काय घालून पाठवावं हेच चार वर्षांपासून ठरून नाही राह्यलं. अन् हो, ती वापरलेली आहे. रोज.