पापण्यांचे भाडेकरू

४ मार्च
पुन्हा खाज! पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी चिकटतंय, कडा लालभडक. पार्लरमध्ये दिवसभर बायकांना खोट्या पापण्या चिकटवायच्या आणि स्वतःच्या चोळत बसायचं — शोभतं का? गिऱ्हाईक आधी माझे डोळे बघतं, मग आरसा.

६ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चिमट्याने दोन पापण्या उपटल्या (आई गं!), मायक्रोस्कोपखाली ठेवल्या. "या, बघा." बघितलं. पाय हलवतंय! आठ पाय! माझ्या पापणीच्या मुळाला लटकून!

"थोडे किडे बहुतेकांच्या पापण्यांत असतात. तुमच्या फार वाढलेत, म्हणून सूज. रोज पापण्या धुता का?"

धुते का! प्रत्येकीला मीच बजावते — पापण्या लावल्यात, आता पाणी लावायचं नाही, गोंद सुटतो. आणि हा नियम सगळ्यांत कडक पाळला मी स्वतः. म्हणजे पाहुण्यांची बडदास्तच ठेवली की! खोट्या पापण्या काढल्या. आता रोज औषधाने कडा पुसायच्या, दीडेक महिना तरी.

७ मार्च
आरशात बघवत नाही. निम्म्या पापण्या झडलेल्या, वर सूज. पार्लरवालीच्या डोळ्यांत किडे म्हटल्यावर कोण पाऊल टाकेल? दुकानाला कुलूपच लागायचं! मोठा काळा गॉगल लावून दुकान उघडलं.

हे म्हणाले, "सरळ सांगून टाक ना. आजार आहे, पाप नव्हे." ह्यांचं काय जातंय! ह्यांच्या वाचनालयातली पुस्तकं काही रागावून समोरच्या पार्लरात जात नाहीत.

१० मार्च
ऐकावं ते नवलच! शेजारच्या शिंपीणबाईंनी माझा हात हातात घेतला. "काही बोलू नका. गॉगल का लावावा लागतो, कळतं मला. दिसायला मात्र गरीब गाय हो तुमचे हे!"

आधी डोक्यात प्रकाशच पडेना. मग पडला. ह्यांनी मला मारलं! ह्यांनी! झुरळाला "सरक बाबा" म्हणणारा माणूस! हसू दाबायला मान खाली घातली, तर बाईंना वाटलं रडतेय. त्याच रडल्या.

१४ मार्च
पार्लर तुडुंब! भुवयांपुढे कधी न गेलेल्या बायका मला आधार म्हणून फेशियल करून घेताहेत. एकीने डबा आणला, एकीने वकिलाचा नंबर. पापण्या लावणं मी बंद ठेवलंय — तेवढी अक्कल आली. कारण विचारलं तर "हात थरथरतो" म्हणते. मग आणखी गहिवर! ह्यांच्याबद्दल मी खोटं काही बोललेले नाही. खरंही नाही. अळीमिळी गुपचिळी.

१९ मार्च
दूधवाला ह्यांच्याशी बोलत नाही. वाचनालयात कुणीतरी ह्यांच्या टेबलावर राग आवरायचं पुस्तक मुद्दाम उघडं ठेवलं. आज सासूबाईंचा फोन — "माझ्या पोटी हा राक्षस कुठून आला!" स्वतःच्या लेकाला! "अगं आई, तिच्या डोळ्यांत किडे—" एवढं हे बोलले तर त्या म्हणाल्या, "वर तिलाच नावं ठेवतोस?"

ह्यांनी फोन ठेवला, उगाच चष्मा पुसला. "तू एकदा सांगशील ना सगळ्यांना?"

"पापण्या येऊ देत थोड्या."

"बरं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी म्हणतो बरं! लाज वाटली. खरंच वाटली. उद्या सांगणार.

२० मार्च
नाही सांगितलं. गर्दी फार होती.

२८ मार्च
दुपारी दुकान रिकामं असताना एक अनोळखी बाई आली. तिनेही गॉगल लावलेला. काढला. डोळ्याभोवती काळंनिळं.

"बॅग भरून बहिणीकडे निघाले होते, ताई. वाटेत तुमची आठवण झाली. सगळ्या बोलतात तुमच्याबद्दल. एवढं सोसून रोज हसत दुकान उघडता. म्हटलं, तुम्हाला जमतं तर मला का नाही? परत घरी चाललेय. एवढं जरा झाकून द्या."

मी दाराला कडी लावली. गॉगल काढला.

"बाई, मला कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही. माझ्या पापण्यांत किडे झालेत."