झुंबरबाईंची चुन्याची डबी

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची मस्तगडात! केदारखेड्याहून निघताना एक पिशवी आणि तंबाखूची पुडी, बस्स. काम झुंबरबाईंना सांभाळायचं. त्यांचा मुलगा आदिनाथ हापिसात साहेब आहे. त्यानं बराबर समजावलं: आईला स्क्लेरोडर्मा आहे, कातडी ताठ झालीय, बोटांत कॅल्शियमचे खडे धरतात, कधी कातडी फोडून पांढरं पीठ येतं. उकरायचं न्हाई, नुसतं पुसायचं. रोजची नोंद ह्या वहीत करायची. वहीची पुढची पानं फाडलेली आहेत, पण मला काय! मागं माझंबी लिहीन.

५ नोव्हेंबर
झुंबरबाई लई गोड. बोटं लाकडागत, घास मीच भरवते. माझी बोटं दाबून म्हणाल्या, किती मऊ गं तुळजाबाई. दुपारी माझा चुना संपला, तर त्यांनी उशाची पितळी डबी पुढं केली. एका डबीतला चुना खाल्ला की माणूस घरचं होतं, म्हणाल्या. मंग न्हाई कसं म्हणायचं? जिभेला बिलकुल झोंबला न्हाई. आता रोज त्यातलाच घेते.

९ नोव्हेंबर
भाकर थापता येईना, अंगठा ताठलाय. थंडी असंल. झुंबरबाईंनी मात्र आज कपबशी स्वतः धरली. जीव खूष झाला माझा.

१२ नोव्हेंबर
अगं माय! झुंबरबाई डबीवर बोट पिळत होत्या. पांढरं पीठ, टपटप डबीत. सात दिवस मी तेच—
मोरीत जाऊन ओकले. आदिनाथला भांडून विचारलं. तो म्हणाला, आईचं दुखणं कुणीतरी वाटून घ्यायला पाहिजे. माझा मोबाईल काढून घेतला, मला माडीवरच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली.

१४ नोव्हेंबर
तर्जनी फुटली. दातानं खडा ओढला, कातडी सोलत आली. रक्त थोडं, पीठच जास्त. ह्या हातांवर घर चालतं माझं!

१५ नोव्हेंबर
म्हातारी अडकित्ता न् डबी घेऊन आली. खडे काढते म्हणाली. माझी करंगळी कातरली— हाडासकट— मी डबी हाणली तोंडावर. दोन दात पडले तिचे. हसूनच राह्यली.

१६
तोंड उघडत न्हाई. पेन मुठीत अडकवलं. खाली नवी बाई आल्ती— आदिनाथ तिला वहीचं सांगून राह्यला.
बाई, वाच हे. डबीतला चुना खाऊ नको. खाऊ
जिन्यावर पावलं—
आता कळलं, आधीच्या बाईची पुढची पानं कुणी फा