उद्दिष्ट नंतर सांगण्यात येईल

१२ जानेवारी २०२१

पोचलो. किलकेनीबाहेरचं टुमदार घर, खिडकीत हिरवं कुरण आणि माझ्याकडे परीक्षकासारख्या बघणाऱ्या मेंढ्या. टाळेबंदीत बायकोचं, विद्याचं, चेरीवूड भागातलं ऑफिस आमच्या स्वयंपाकघरात आल्यापासून मी घरातली अडगळ झालो होतो. तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यासात नाव दिलं : एकांतातल्या माणसाच्या खाण्याच्या सवयी. निघताना तिने बजावलं, की तिथे कुणाला संस्कृत शिकवू नका.

आमच्या शास्त्रांत प्रयोजन ग्रंथारंभीच सांगतात. इथे उद्दिष्ट शेवटी सांगणार. आधी कळलं तर माणूस शहाण्यासारखा वागू लागतो म्हणे. अभ्यासाच्या प्रमुख डॉ. ऑर्ला फार गोड बाई. त्यांना सगळंच ‘ग्रँड’ वाटतं. साथीमुळे दाराला बाहेरून कुलूप आणि फोन त्यांच्याकडे जमा, तेही ग्रँड.

१३ जानेवारी

शेजारची खोली मराठी निघाली! मधल्या भिंतीत एक कपाट आहे (इथे त्याला प्रेस म्हणतात), दोन्हीकडून उघडणारं. त्यातून आवाज येतो. कौमुदी, नागपूरची, चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. विमानं बंद, आईबाबा तिकडे, ही इथे एकटी. तिने पहिल्याच वाक्यात काका म्हटलं. दादा चाललं असतं, असं मी सुचवून पाहिलं. आवाजावरून काकाच वाटता, म्हणाली. नागपूरकरांचा स्पष्टपणा.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रेसमधून तिला तिळाचा लाडू दिला. इथलं जेवण म्हणजे ओटची लापशी, भिंतीला कागद चिकटवायच्या लायकीची. नियम एकच : वाडगा रिकामा परत जायला हवा, रिकामा कुणी केला याच्याशी कर्तव्य नाही. मी माझा वाडगा तिकडे सरकवला. ती रीतीप्रमाणे नको नको म्हणाली, मी रीतीप्रमाणे आग्रह केला. पानात काही टाकायचं नाही या शिस्तीत वाढलेली पोर, दोन्ही वाडगे चाटूनपुसून संपवले. मी माझ्यापुरती विद्याने दिलेली दशमी खाल्ली. अन्नदानाचं पुण्य इतकं स्वस्त कधी पडलं नव्हतं.

१८ जानेवारी

रोज तेच चाललंय. कौमुदी म्हणते, पायाची बोटं बधिर झालीत. थंडी असेल, मी म्हणालो. ऑर्लाबाईंना सांगितलं. ग्रँड, म्हणाल्या, आणि काहीतरी लिहून घेतलं.

२१ जानेवारी

तिला उभं राहता येत नाही. बोलताना जीभ अडखळते. माझा वाडगा मी आज बेसिनमध्ये ओतला. थोड्या वेळाने प्रेसपलीकडे चमच्याचा आवाज, आणि तिचं रडणं. वाया गेलेला भाग तिच्याकडून भरून काढण्यात आला. ऑर्ला स्वतः भरवत होती, लहान मुलाला भरवावं तशी, गाणं गुणगुणत.

२२ जानेवारी

दार बडवलं. ऑर्ला बाहेर खुर्ची टाकून, चहाचा मग घेऊन बसली आणि सविस्तर बोलली. सहभागींना योग्य वेळी उद्दिष्ट सांगणं हा नैतिकतेचा भाग आहे, म्हणाली. तर उद्दिष्ट असं : चांगला माणूस आपल्या वाट्याचं विष स्वतः किती काळ खातो. बधिरपणा खाणं थांबलं की उतरतो. नाही थांबलं तर पाय, हात, जीभ, मग श्वास. आजपासून रोज एकच वाडगा, माझ्या खोलीत. मी खायचा किंवा पलीकडे सरकवायचा. जो खाणार नाही त्याला साधा पाव.

संमती मागे घेतो, मी म्हणालो. ती दोघांनी मिळून मागे घ्यावी लागते, ऑर्ला म्हणाली. कौमुदीला नीट बोलता येत नाही, तेव्हा तिचा होकार ग्राह्य नाही.

मीमांसकांनीही हात टेकले असते.

वाडगा मी खाल्ला.

२५ जानेवारी

रोज खातोय. पाय आहेत, असं अनुमान करावं लागतं. प्रत्यक्ष प्रमाण संपलं.

पलीकडून ‘का-का’ ऐकू आलं. दोन तुकड्यांत, पण आलं.

२७ जानेवारी

कौमुदी उठून बसली. हसली — मी ऐकलं. काका, बोटं हलतायत माझी, म्हणाली. नागपूरला गेले की आई तुम्हाला सांबारवडी खाऊ घालेल. काय आनंद तिला. मला का झाला नाही —

पेन मुठीत धरून लिहितोय.

२८ जानेवारी

जीभ. विद्याचं नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. वि — वि —

ऑर्लाने दाराबाहेरून विचारलं, बरं वाटतंय ना. तिच्या आवाजात खरी काळजी होती. तेच —

मला मरायचं नाही. हे इथे लिहून ठेवतो. पन्नास हे काय वय आहे.

२९ जानेवारी

वाडगा आला. पाहत बसलो.

ती तरुण आहे. तरुण शरीर सोसतं. शिवाय एकदा सोसलेलंच — एकच दिवस — उद्यापासून पुन्हा मी —

प्रेस उघडली. कोपराने सरकवला. म्हणालो, प्रयोग संपला, बाळ. ही लापशी साधी आहे. साखर घातली आहे. जीभ जड, पण एवढं नीट म्हणता आलं. एवढं कसं नीट आलं —

नको, म्हणाली. तुम्हीच खा काका, किती अशक्त वाटतो आवाज.

मी आग्रह केला.

चमचा वाजतोय. 

विचारते आहे, काका, तुम्ही जेवलात ना? हो म्हणालो. पोटभर. तू खा. सगळं संपव, मी इथेच —