दुसऱ्या मजल्यावरची सुनावणी

दि. ४ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वकिलांच्या ऑफिसात चित्रकारणीचं काय काम, असं तुम्ही विचारलंत. इथल्या वकीलबाईंनाही पहिल्या दिवशी तोच प्रश्न पडला होता. लोकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या या संस्थेने मला तीन महिने राहायला खोली, फायलींच्या ढिगामागे टेबल आणि दिवसातून चारदा चहा दिलाय. मी त्यांच्या लढ्यांची चित्रं काढायची.

सध्याचा लढा एका शिंपीणबाईंचा. त्या चाकाच्या खुर्चीत असतात. मतदानकेंद्र दुसऱ्या मजल्यावर, म्हणून नऊ वर्षं मत दिलेलं नाही. तक्रार केली, तर तिची सुनावणीही दुसऱ्याच मजल्यावर ठेवली! गैरहजर राहिल्या तर तक्रार बाद. उचलून न्यायला चौघे तयार आहेत. पण बाई म्हणतात, मी काय कपाट आहे?

नुसती चित्रं काढून काय होणार, मामा?

मामींना नमस्कार. रागवायचं तर रागवा, पण उत्तर धाडा.
आपली,
पिंगी

दि. ११ जानेवारी

चि. पिंगीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. चारदा चहा देणारी माणसं वाईट असूच शकत नाहीत, असं तुझ्या मामीचं मत. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांच्या कपबशीला हेडमास्तर बेडूक म्हणायचे. तेव्हा चित्राने जग बदलतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण कुणी चित्र काढत बसलं, की जाणारा-येणारा थांबून वाकून बघतोच. सुनावणीच्या दिवशी तू तिथल्या जिन्यापाशीच बस. कायद्याचं वकीलबाई बघतील.

पोटाला वेळेवर खा, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझा,
मामा

दि. २३ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बसले! जिन्याच्या तळाशी शिंपीणबाई, समोर मी. अर्ध्या तासात बघ्यांनी जिना तुंबला. वरून शिपायाने बाईंचं नाव तीनदा पुकारलं, खालून बाईंनी तीनदा हात वर करून ‘हजर’ म्हटलं. हजेरी मांडून घ्या, असा वकीलबाईंनी वर हट्ट धरला. शेवटी ही कसली गर्दी म्हणून सुनावणी घेणारे साहेबच खाली उतरले. चित्रात बेचाळीस पायऱ्या आणि खाली बाई. साहेबांनी विचारलं, यात मी कुठे? मी म्हटलं, तुम्ही फार वर असता, कागदात मावला नाहीत.

ते हसले नाहीत. पण शिपायाला आपली खुर्ची खाली आणायला सांगितली. सुनावणी जिन्यापाशीच झाली, आणि हुकूमही: यापुढे मतदान तळमजल्यावर.

मी ऐटीत चित्र बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते जवळ धरून, लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “बाही घट्ट काढलीस गं. अशा बाहीत हात वर होत नाही.”

तिथेच बसून सैल केली.

तुम्हा दोघांची माया अशीच राहो.
आपली,
पिंगी