ग्रेडीबाईंसाठी तीन मिनिटं

११ एप्रिल, सोमवार
ग्रेडीबाईंची नोकरी जाणार म्हणे! हॉटेलात ताटं विसळताना ऐकलं. शाळेच्या बोर्डाकडे तक्रार गेलीय. बाईंनी इतिहासाच्या तासाला १९२१ सालचं शिकवलं — गोऱ्यांनी काळ्यांची घरं जाळून त्यांना आपल्याच गावातून हाकललं, ते. ‘आपण गोरे म्हणून एका मुलीला इतकी शरम वाटली, की तिने शाळाच सोडली.’ असं तक्रारीत लिहिलंय.
यंदा शाळा सोडलेली मुलगी एकच. मी!

१२ एप्रिल
आईला विचारलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, “मी नुसती सही केली. लिहिलं आपल्या चर्चच्या पास्टरनी.”
“पण मी त्यामुळे नाही सोडली!”
“मग कशामुळे? तोंड उघडशील तर कळेल ना!”
भाषणाच्या तासामुळे. दर शुक्रवारी वर्गासमोर उभं राहायचं. माझी दातखीळ बसायची, पोरं खिदळायची. बस्स, एवढंच.
ग्रेडीबाईंचा तास तर मला आवडायचा. आता गाड्या धुतात तिथे काळ्यांचं चर्च होतं! शरम नाही, राग आला — कुणी सांगितलंच नव्हतं.

१४ एप्रिल
बोर्डाच्या ऑफिसात गेले. मंगळवारी बैठक, बाईंना काढायचं का यावर तिथेच मतदान. चिठ्ठी लिहून दिली तर चालेल?
खिडकीतली बाई म्हणाली, “नाही गं बाळ. ज्याचं त्याने उठून बोलायचं. तीन मिनिटं. नाव लिहू?”
मान हलवली. लिहिलं तिने — टॅन्सी प्रुइट.

१५ एप्रिल
आचारी ड्वेन दिवसभर हसतोय. “तू बोलणार? गिऱ्हाइकाने केचप मागितलं तरी फ्रीजमागे लपतेस!”

१७ एप्रिल, ईस्टर
चर्चच्या दारात पास्टरनी डोक्यावर हात ठेवला. “मंगळवारी येतेयस ना? शूर पोर!” त्यांना वाटतंय, मी त्यांच्या बाजूने बोलणार.
घरी येऊन न्हाणीघरात सराव केला. दोन मिनिटं दहा सेकंद. सगळं पाठ!

१९ एप्रिल
नाव पुकारलं. माईकपुढे गेले. कागद होता हातात. तीन मिनिटं उभी होते — एक शब्द फुटला नाही.
वेळ संपल्याची घंटा वाजली. अध्यक्ष हळूच म्हणाले, “बघा. बाईंनी काय दशा करून ठेवलीय पोरीची.”
मतं पाच विरुद्ध दोन. बाईंची नोकरी गेली.