शुद्ध निकेल आणि आठ बार

५ जानेवारी, सोमवार

कालच्या प्रॅक्टिसमध्ये दंतवैद्य म्हणाला, बेस मागे पडतोय.

नीट नोंद करून ठेवतो, पुढे वाद नको. बँडमध्ये माणसं चार. दंतवैद्य गिटार वाजवतो आणि त्याच्या स्वतःच्या मते लीडर आहे. ड्रमवर मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. गायला बायको. बेस गिटार मी. प्रॅक्टिस दर रविवारी दंतवैद्याच्या दवाखान्यात, वेटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला सरकवून. कार्यक्रम २१ फेब्रुवारीला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. बायको एकोणीस वर्षांनी स्टेजवर गाणार. शेवटचं गाणं तिनेच लिहिलेलं, चाल दंतवैद्याची. त्याची सुरुवात फक्त बेसने. आठ बार, म्हणजे ठेक्याची आठ आवर्तनं, मी एकटा, मग ती.

बेस मागे का पडतो याचा रात्रभर विचार केला. सकाळी दात घासताना उलगडा झाला. तारा. अकरा वर्षं त्याच तारा आहेत. बिचाऱ्या थकल्या.

६ जानेवारी

तारांचे प्रकार पाहिले. मुख्य तीन. स्टील: आवाज कर्कश, मेहुण्याच्या स्वभावासारखा. निकेलचा मुलामा दिलेलं स्टील: वरून एक, आतून एक. आणि तिसरी, तारेवर गुंडाळलेली बाहेरची गोल तारसुद्धा अस्सल निकेलची. प्युअर निकेल राउंडवाउंड. जाणकार लिहितात, आवाज उबदार, गोलाई असलेला, थोडा जुन्या काळचा. वाचताना माझंच वर्णन वाचतोय असं वाटलं.

संकल्प: गुरुवारपर्यंत तारा निश्चित. शुक्रवारपासून रोज एक तास रियाज. त्याआधी नाही. वाईट तारांवर रियाज केला तर हाताला वाईट सवयी लागतात.

८ जानेवारी, गुरुवार

ऑफिसातून लवकर निघून वाद्यांच्या दुकानात. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. प्युअर निकेल आहे का विचारलं. तो म्हणाला, आहे, पण तुम्ही वाजवता काय? म्हटलं, सध्या निवडतोय. तो म्हणाला, तारा नव्हे हो, वाजवता काय? माणसाला धंद्याची जाण कमी.

कोणती जाडी, आतला गाभा गोल की षटकोनी, हेही ठरवायचं असतं असं त्याच्याकडून कळलं. म्हणजे अजून माहिती हवी. रियाज सोमवारपासून.

११ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिस. दंतवैद्य आठ बार पायाने ठेका देत होता, त्याच्या पेशंटना भूल चढेपर्यंत देत असेल तसा. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही तिसऱ्या बारात आहात तेव्हा आम्ही चौथा संपवून चहा घेतोय. दोघे हसले. बायको हसली नाही. पाण्याची बाटली उघडत होती, झाकण घट्ट असावं.

मी शांतपणे तारांचा मुद्दा मांडला. मुलाम्याचं निकेल आणि अस्सल निकेल यांतला फरक वीस मिनिटं समजावून सांगितला. दंतवैद्य म्हणाला, वेळ संपली.

१३ जानेवारी

एके ठिकाणी वाचलं की जुन्या बेसच्या तारा पाण्यात उकळल्या की मळ निघून पुन्हा तेज येतं. अंतरिम उपाय म्हणून करून पाहिलं. बायकोने झाकण काढून विचारलं, पातेल्यात काय शिजतंय? म्हटलं, ई, ए, डी आणि जी. ती म्हणाली, मीठ घाला.

तारा पुसून, वाळवून चढवल्या. तेज आलं. पाऊण तास टिकलं. त्या पाऊण तासात मी हात पुसत होतो.

दुधाचं पातेलं नवीन आणायचं असं ठरलं. माझ्याशी चर्चा न करता.

१६ जानेवारी, शुक्रवार

दुकानदाराकडून दोन सुट्या तारा आणल्या, एक मुलाम्याची, एक शुद्ध. ऑफिसात नेल्या. वजनमापे खात्यात बावीस वर्षं काढल्याचा काही तरी उपयोग व्हायला हवा. ज्या काट्यावर आम्ही किराणा दुकानांची वजनं पडताळतो त्यावर दोन्ही तारा ठेवल्या. वजनात फरक आढळला. मग चुंबक लावलं. दोन्हींना चिकटलं. चाचणी अनिर्णित.

हेडक्लार्क बाई म्हणाल्या, साहेब, ही कुठल्या दुकानाची तक्रार? म्हटलं, खासगी काम आहे. बाई म्हणाल्या, मग शिक्का मारू नका.

तीन दुकानांची तपासणी पुढे ढकलली. परवा ज्या मसालेवाल्याला दंड केला तोच पुन्हा आला होता. पाकिटावर वजन लिहिलेल्या अक्षरांची उंची एक मिलिमीटरहून कमी. तो म्हणाला, साहेब, एवढं बारीक कोण वाचतं? म्हटलं, मी वाचतो.

१८ जानेवारी, रविवार

प्रॅक्टिसला गेलो नाही. संशोधन ऐन भरात असताना मध्येच वाजवायला बसणं बरोबर नाही. इंटरनेटवर चौदा पानांची एक चर्चा वाचली. तिथे एक गृहस्थ बत्तीस वर्षं प्युअर निकेल वापरतात आणि कधीच पश्चात्ताप झाला नाही असं लिहितात. दुसरे गृहस्थ त्यांना मूर्ख म्हणतात. बराच अभ्यास दिसतो दोघांचा.

२० जानेवारी

संध्याकाळी बायको पलंगाच्या कडेला येऊन बसली. म्हणाली, अहो, एक सांगू? बाकीची गाणी राहू द्या, सांभाळून घेऊ. फक्त ते आठ बार रोज दहा मिनिटं वाजवा. मी आत कधी यायचं ते मला त्यावरूनच कळतं. एकोणीस वर्षांनी उभी राहणार, पायाखाली काहीतरी हवं.

बोलताना आवाज थोडा कापत होता. तारांच्या प्रश्नाचं गांभीर्य घरात कोणाला तरी कळलं म्हणायचं. तिला सांगितलं, काळजी करू नकोस, गोल गाभ्याकडे माझा कल होतोय.

ती उठून कपडे घडी करायला गेली.

संकल्प: उद्यापासून दहा मिनिटं. नक्की.

२१ जानेवारी

दहा मिनिटांत काय होणार? एकदम तासभरच करावं. योग्य तारा आल्या की.

२५ जानेवारी, रविवार

अप्रिय प्रकार. दंतवैद्य म्हणाला की आठ बार तो गिटारवर वाजवेल, मी नंतर आत यावं. मेहुणा म्हणाला, तसंही भाऊजी नंतरच येतात. मी म्हटलं, बेसचा खर्ज गिटारवर येतो का? हत्तीचं काम शेळीला सांगता? दंतवैद्य म्हणाला, शेळी निदान वेळेवर येते.

तेव्हा बायको मध्ये पडली. म्हणाली, ते वाजवणार नसतील तर मीही गाणार नाही. दंतवैद्याने खांदे उडवले आणि गिटार पुसायला घेतली.

येताना वाटेत तिला म्हटलं, चांगलं खडसावलंस. ती म्हणाली, मी तुमच्यावर भरवसा टाकलाय, एवढं लक्षात असू द्या.

लक्षात आहे. म्हणूनच घाई करत नाही.

२९ जानेवारी

निर्णय झाला! प्युअर निकेल, राउंडवाउंड, गोल गाभा, मधली जाडी. दुकानात गोल गाभ्याच्या नव्हत्या, मागवल्या. पंधरवड्यात येतील. दुकानदार म्हणाला, चांगली निवड. मग म्हणाला, आता वाजवा. हा माणूस एकच सूर लावून बसला आहे.

घरी येऊन जुन्या तारा काढून टाकल्या. नव्या येईपर्यंत लाकडाला विश्रांती. दुहेरी फायदा: तारा नसल्यामुळे रियाज होत नाही याची टोचणी राहत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

प्रॅक्टिसला बेस नेलाच नाही. आठ बार तोंडाने वाजवले. ढुम, ढुम, ढुढुम. सर्वांना कल्पना यावी म्हणून.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, तुम्ही तोंडानेही मागे पडता.

रात्री यावर विचार केला. उघड आहे. अकरा वर्षं थकलेल्या तारा ऐकून कानाला तीच सवय लागली, आणि तोंड कानाचं ऐकतं. मूळ दोष तारांचाच. उलट आता पुरावा मिळाला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आल्या!

पाकीट काय सुंदर आहे. जुन्या धाटणीचं, मातकट कागदाचं, मागे बारीक अक्षरांत पुष्कळ मजकूर. उघडलं नाही. तारांना हवा लागली, बोटांचा घाम लागला की त्यांचं वय सुरू होतं असं चौदा पानांच्या चर्चेत होतं. म्हणून योजना: २१ तारखेला दुपारी चढवायच्या. म्हणजे स्टेजवर अगदी ताज्या. इतका पुढचा विचार दंतवैद्याने जन्मात केला नसेल.

बायकोला पाकीट दाखवलं. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, म्हणाली, मग आजच लावा ना. योजना समजावून सांगितली. ती म्हणाली, बरं.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेवटची प्रॅक्टिस. आठ बारांच्या जागी सगळे थांबले, मी मनात मोजले आणि मान हलवली. बायको आत आली. मनात तर अचूक वाजलं होतं. दंतवैद्य म्हणाला, आम्ही आठ पूर्ण होऊन दोन वर थांबलो होतो. मनातल्या मापाला काटा कुठून लावणार? सोडून दिलं.

१९ फेब्रुवारी

बायको आताशा तारांबद्दल विचारत नाही. भाजी निवडताना गाणं गुणगुणते आणि सुरुवातीला स्वतःशीच आठपर्यंत मोजते, बोटांवर. मला पाहून थांबली. पूर्ण विश्वास टाकला की माणूस विचारणं सोडतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३.१५

पाकीट उघडलं. वास उत्तम. नव्या मोजपट्टीचा येतो तसा.

३.४०

माझी स्वतःची पद्धत अशी की काम आधी मोजून, कापून, मग बसवायचं. चारांतली सर्वांत जाड तार, म्हणजे ई, खुंटीपर्यंत मोजली, दोन इंच जास्त धरली, पकडीने कापली. काट्यासारखं स्वच्छ काम.

३.५०

कापलेल्या टोकाला बाहेरची निकेलची गुंडाळी सुटू लागली आहे. बोटाने दाबून धरली.

४.०५

खुंटीवर पीळ देताना सगळीच सुटली. स्प्रिंग झाली. आतला गाभा उघडा. वाजवली तर खाट कुरकुरावी तसा आवाज.

४.१०

पाकीट उलटून पाहिलं. मागे छापलं आहे: गोल गाभ्याच्या तारा आधी काटकोनात वाकवाव्यात, मगच कापाव्यात, अन्यथा गुंडाळी सुटेल. अक्षरांची उंची मोजली. एक मिलिमीटरहून कमी. कंपनीला नोटीस काढता येईल. कार्यक्रम सहाला.

४.३०

उरलेल्या तीन वाकवून मग कापल्या. तीन तारा चढल्या. आठ बारांतले मुख्य सूर सगळे ई तारेवर. जुनी ई कचऱ्यात गेली, तीन आठवडे झाले. दुकान शनिवारी अर्धा दिवस. पण तेच सूर ए तारेवर एक सप्तक वर मिळतात, मानेवरच्या पट्ट्यांमधल्या सातव्या घरात. घाबरण्याचं कारण नाही. कुणाला सांगायचंही कारण नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

काय घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

हॉल भरलेला. बायकोने निळी साडी नेसली होती. आधीची गाणी पार पडली. तीन तारांवर जेवढं जमलं तेवढं वाजवलं, बाकी वेळ मान हलवली. शेवटच्या गाण्याआधी दिवे मंद झाले. दंतवैद्याने मला खूण केली. मी सातव्या घरात बोट ठेवलं आणि पहिला सूर काढला.

नव्या तारा ताणून बसायला दोन-तीन दिवस घेतात, तोवर उतरत राहतात. हे चौदा पानांच्या चर्चेत दहाव्या पानावर आहे. मी वाचलं होतं. जो सूर आला तो ई नव्हता, दुसराही कुठला नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने श्रवणयंत्र काढून पाहिलं. बार फुसका निघाला, आणि उरलेले सात माझ्याच्याने काढवेनात. हात तारांवर ठेवून उभा राहिलो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या स्टेशनवर कोणी येणार होतं आणि आलं नाही हे कळल्यावर माणूस पाहतो तसं. मग समोर वळली, डोळे मिटले. तिची बोटं हलताना दिसली: एक, दोन, तीन. आठपर्यंत गेली आणि आत आली.

एकटी. मेहुण्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. दंतवैद्याने गिटारवर पंजा ठेवला. पहिलं कडवं कोणी काही वाजवलं नाही. आवाज पहिल्या ओळीत थोडा कापला, दुसऱ्या ओळीपासून नाही. संपल्यावर लोक उठून उभे. दंतवैद्याचे डोळे ओले होते. मेहुण्याने सरळ ताईच्या पायाला हात लावला.

येताना तिला म्हटलं, खूप सुंदर झालं. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, सुरुवातीला वाटलं पडतेय. पडले नाही.

तारांविषयी कोणी काही विचारलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयाने मार्चमध्ये पुन्हा बोलावलं आहे. दंतवैद्याचा फोन. ते गाणं असंच ठेवायचं म्हणाला. विचारलं, असंच म्हणजे? तो म्हणाला, बायकोला विचार.

तिला विचारलं. भांडी पुसत होती. म्हणाली, आठ बार मी मनात मोजते. तुम्ही समोर बसा ना. मी म्हटलं, इतर गाण्यांना? ती एक भांडं बराच वेळ पुसत राहिली. म्हणाली, तिकडे दंतवैद्यांच्या भाचीला विचारलंय.

विचारलंय. म्हणजे आधीच.

१ मार्च, रविवार

सगळे प्रॅक्टिसला गेले. दुकानदाराने सुटी ई तार मागवून गुरुवारी स्वतः चढवून दिली, आधी वाकवून, मग कापून. तारा आता बसल्या आहेत. सूर उतरत नाहीत.

खुर्ची खिडकीशी घेतली. मोबाईलवर ठेका लावला, अगदी सावकाश. आठ बार वाजवायला घेतले. घरी यंदा पहिल्यांदाच. आवाज खरोखर उबदार आहे, गोल, भरलेला, जसं लिहिलं होतं तसा.

तिसऱ्या बारात मागे पडलो.

पुन्हा घेतले. तिसऱ्या बारात मागे पडलो. आणखी नऊ वेळा घेतले. दर वेळी तिसऱ्याच बारात.

तारांचा काही दोष नाही.