ओट्यावर, दिवसाउजेडी

अल अझीझिया, दोहा
१९ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शालू हिस,
अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. तुझं म्हणणं ऐकून पत्रच लिहितो आहे. फोन लावला की आई स्पीकर करून मधोमध बसते आणि आपण नवरा-बायको नुसते हवापाणी विचारत राहतो.

खोलीत आम्ही चौघं आहोत. बालाजी रास लफानच्या गॅस कारखान्याची शिफ्टची बस चालवतो. शुक्रवारी तो पिठलं करतो, ते सुरीने कापून खावं लागतं.

हॉटेलातल्या आमच्या सिगारच्या दालनात नवी गंमत आली आहे. डॉमिनिकन रिपब्लिक म्हणून कॅरिबियन समुद्रात देश आहे, तिथून सिगार वळणारी जोडी आणली आहे. पाहुण्यांसमोर एका बाकावर बसून काम करतात. रामोन आतली पानं मुठीत जुळवून गाभा करतो, लाकडी साच्यात दाबतो. अल्ताग्रासिया त्यावर वरचं पान चढवते, इतकं नाजूक की श्वास लागला तरी हलतं. त्यांच्याकडे काम असं जोडीनंच चालतं. आणि ऐक, हे दोघं पूर्वी नवरा-बायको होते. काडीमोड झाला, रामोनने दुसरं लग्नही केलं, पण बाक मोडलं नाही. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, नवरा म्हणून हा कामाचा नव्हता, पण गाभा याच्यासारखा कुणाला जमत नाही!

मार्चमध्ये माझा करार संपतो. या खेपेला कायमचा येतो. पुढच्या वर्षी नुपूरच्या दहावीला बाप घरात असेल, तिला सांग.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
संपत


सिन्नर
६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. नुपूरचे बाबा यांस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. दिवाळी बरी झाली. आईंची करंजी यंदा कडक झाली, पण ते बोलायची सोय नाही.

तुमच्या रामोनची गोष्ट मी ओट्यावर विड्या वळताना बायकांना सांगितली. शेजारची विठाबाई म्हणाली, काडीमोड घेतलेला शेजारी बसतो आणि आमचे लग्नाचे पारावरून उठत नाहीत! सगळ्या हसलो. मीही हसले, पण मग हात थांबला.

आपलं पहिलं वर्ष आठवलं. दार लोटून घेऊन तुम्ही मला तेंदूची पानं कातरून द्यायचात, मी वळायचे. पत्र्याचा फर्मा न लावता तुमचं पान एकसारखं यायचं. एकदा भाऊजींनी दार ढकललं, बायकी काम म्हणून गावभर केलं, आणि तुम्ही कातर ठेवलीत ती ठेवलीतच. तेव्हापासून कातरणं, भरणं, वळणं सगळं माझ्याकडे.

आता अंगठा बधिर असतो. कातर निसटते, पान वाकडं जातं, कारखान्यातला तपासणारा विड्या छाट म्हणून बाजूला टाकतो. डॉक्टर म्हणाले, वळा हवं तर, पण कातरणं बंद करा, नाहीतर हात जाईल.

म्हणून एक मागते. साडी नको, सोनं नको. मार्चमध्ये आलात की ओट्यावर, दिवसाउजेडी, चारचौघांदेखत माझ्या शेजारी बसा आणि पानं कातरून द्या. मी बायकांना सांगून बसले आहे. विठाबाई तोंडावर म्हणाली, तुझा हॉटेलातला साहेब विड्यांच्या सुपाशी बसणार होय गं! मी म्हटलं, बघशील. तोवर मी कसंतरी निभावते.

तब्येतीला जपावं, आमची आठवण ठेवावी.
तुमची,
शालू


अल अझीझिया, दोहा
२० डिसेंबर २०२४

चि. सौ. शालू हिस,
अ. उ. आ.

आज बातमी मोठी आहे, फोटोही सोबत पाठवतो.

रामोनची आई आजारी पडली म्हणून तो तातडीनं गावी गेला. बाक अर्धं रिकामं. आमचे मॅनेजर उस्मानसाहेब डोकं धरून बसले. मी सहज म्हणालो, पानाची मला थोडी ओळख आहे. अल्ताग्रासियाने माझा पहिला गाभा उलगडून टाकला. दुसरा टाकला. मग एक हातात धरून दाबून पाहिला, वरचं पान घेतलं आणि चढवलं!

आता मी रोज तिच्या शेजारी बसतो. काळं जाकीट दिलं आहे. राष्ट्रीय दिनाला इतकी गर्दी होती की लोक उभं राहून बघत होते. एका कतारी शेखने खांद्यावर हात ठेवून शाबासकी दिली. बालाजी म्हणतो, संपतराव, तुमचं नशीबच उघडलं.

रामोन परत येणार नाही असं दिसतं. साहेबांनी करार दोन वर्षांनी वाढवून दिला. तुला विचारायला फोन केला होता, आई म्हणाली तू कारखान्यात गेलीस. साहेबांना लगेच उत्तर हवं होतं, सही केली. म्हणजे मार्चचं आता जमणार नाही. तू समजून घेशील, नेहमीच घेतेस.

आईला फोटो दाखव. तुझा लोभ मला इथे पुरतो.
तुझा,
संपत


सिन्नर
९ जानेवारी २०२५

ती. स्व. नुपूरचे बाबा यांस,
शि. सा. न.

फोटो मिळाला. छान आला आहे. आईंनी देवाजवळ ठेवला. भाऊजींनी तर चौकात नेऊन दाखवला, म्हणाले, आमचा संपत कलाकार झाला.

बायकांनीही पाहिला. विठाबाईने बघून तो माझ्या सुपात ठेवला आणि पुढची विडी वळायला घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांचं मला काही वाटत नाही. वाट पाहायची सवय आहे. पण फोटोत तुमच्या मांडीजवळ तंबाखू आहे, बोटांना पानाचा डाग आहे, शेजारी बाई बसली आहे, आणि तुम्ही हसता आहात. मी तेवढंच मागितलं होतं. तुम्हाला हे काम येत होतं, आवडतही होतं. लाज वाटत होती ती माझ्या शेजारी बसण्याची.

आणखी लिहवत नाही. खाण्यापिण्याची हेळसांड नको.
शालू


अल अझीझिया, दोहा
३ मार्च २०२५

चि. सौ. शालू हिस,
अ. उ. आ.

तू फोनवर येत नाहीस. नुपूर सांगते, मम्मी कामात आहे.

रमझान लागला, दालन दिवसभर बंद असतं. अल्ताग्रासियाने विचारलं, हा हात कुणाबरोबर बसला? मी सांगितलं, बायकोबरोबर. तर म्हणाली, मग इथे काय करतोस?

मी राजीनामा देतो. येतो. ओट्यावर बसतो, सबंध गाव बघू दे. फक्त एक ओळ लिही.

तुझ्या उत्तरावर जीव लागला आहे.
संपत


सिन्नर
२१ मार्च २०२५

ती. स्व. नुपूरचे बाबा यांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही खोटं लिहीत नाही, हे मला ठाऊक आहे.

पण मार्चपर्यंत निभावते म्हणून मी कातरत राहिले होते. फोटो आल्यावर तर जास्तच, हट्टाने. संक्रांतीनंतर अंगठा पूर्ण गेला. आता वळताही येत नाही. कारखान्याचं कार्ड परत केलं. पेन दोन बोटांत धरून लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

सूप आणि कातर विठाबाईला दिली. तिच्या नवऱ्याने चौकात तुमचा फोटो पाहिला होता. म्हणाला, संपत शेखांच्या पुढ्यात बसतो तर मला कसली लाज. आता तो रोज सकाळी ओट्यावर तिच्याजवळ बसतो. पानं जाड कातरतो, ती ओरडते, तो पुन्हा कातरतो. परवा मला हाक मारून म्हणाली, शालू, ये ना, आमच्यात बस. गेले. हात मांडीवर ठेवून दोघांकडे बघत बसले.

तुम्ही या. नुपूरला बाप हवा आहे, आईंचे गुडघे धरले आहेत. आलात तर गरम जेवायला वाढीन, घर तुमचंच आहे. पण शेजारी बसा, असं आता म्हणणार नाही. ते मागून झालं.

प्रवासात जपून यावं.
शालू